टाचेखालचा टॉवेल

मामाने एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा लेक कॉटवर पाय लांब करून बसली होती. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी. आत्यांनी सकाळीच बजावलं होतं, दर दोन तासांनी दहा मिनिटं असंच बसायचं आणि गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचा. फिल्ममध्ये मला राखाडी ढगांपलीकडे काही दिसलं नाही. मामाला दिसलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये तिरकी काळी पट्टी दिसायला हवी होती, तिथे नुसता धुरकट पुंजका होता.

"पूर्ण तुटलंय," तो म्हणाला. "एसीएल, गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. दोन हाडांमधली गादी मात्र शाबूत आहे."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुण्यात हाडांचा डॉक्टर आहे, आणि त्यातही गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतो. आत्या म्हणजे माझ्या नणंदबाई, सांगलीत गेली सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करतात. लेकीच्या नात्याने आम्ही सगळेच त्यांना मामा आणि आत्या म्हणतो. दोघांचाही तिच्यावर फार जीव. त्या दुपारी मात्र दोघांचं एकमत होईना. ते बोलत होते आणि मी ऐकत होते. हा प्रसंग आज कितीतरी घरांत येतो, म्हणून त्यांचं बोलणं लिहून काढते आहे.

लेक सतरा वर्षांची. कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर खेळते. अकरा दिवसांपूर्वी सामन्यात समोरची चढाईवाली परत फिरली, ही झेपावली, पाय मॅटला धरून राहिला आणि वरचं अंग वळलं. तोवर तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. "आई, आतून कट्टकन आवाज आला," एवढंच ती सांगत होती. घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

मामाने फिल्म बाजूला ठेवली आणि तिचा गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या पायाची. चांगल्या पायाला ओढ जिथे थांबली तिथे ताणलेल्या दोरीसारखा ठाम झटका बसला. दुखऱ्या पायाला तो बसलाच नाही, नडगी नुसती सरकत राहिली. त्याने माझा हात धरून मलाही ते करून बघायला लावलं. तो रिकामेपणा माझ्या बोटांना अजून आठवतो.

"तीनेक सेंटिमीटर लांबीची दोरी आहे ही," तो म्हणाला. "नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघ्याला आवर घालते. सरळ चालायला ती नसली तरी भागतं. वळायला, उडी मारून उतरायला, पकड करायला नाही भागत. तेव्हा ऑपरेशन करायचं. सूज उतरू दे, तीन-चार आठवड्यांत करून टाकू."

"एवढी घाई कसली, डॉक्टर?" आत्यांनी विचारलं.

"घाई गादीसाठी. गुडघा सटकत राहिला की प्रत्येक वेळी गादी चिरडते. आज ती शाबूत आहे, सहा महिन्यांनी असेलच असं नाही. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल कुठला झाला असेल तर हाच. पूर्वी गादी फाटली की कापून काढायचे, आता शिवता येईल तेवढी शिवतो. आणि ती फाटूच नये म्हणून लिगामेंट वेळेत करतो."

"आणि ऑपरेशन केलं म्हणून पुढचा संधिवात टळतो?"

मामा जरा थांबला. "नाही. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. लिगामेंट तुटलेल्या गुडघ्याला पुढे झीज होण्याचा धोका राहतोच, ऑपरेशन करा की न करा. पण गादी वाचली तर तो धोका कमी असतो."

"मग मीही एक सांगते," आत्या म्हणाल्या. "स्वीडनमध्ये 121 तरुण माणसांचे दोन गट केले होते. एकाचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम. दुसऱ्याला आधी नुसता व्यायाम, आणि गरज वाटली तर मागाहून ऑपरेशन. 2010 साली निकाल छापून आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत, म्हणजे दुखणं, हालचाल, खेळ या बाबतींत, फरक दिसला नाही. पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटातल्या निम्म्या माणसांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. निम्म्या, डॉक्टर. आपल्याकडे फिल्मवर 'कम्प्लीट टिअर' असं छापून आलं की घरचे थेट तारीख विचारतात. फिल्मवर उपचार करायचे की माणसावर?"

"ताई, त्याच अभ्यासात कोण होतं तेही सांगा की. 18 ते 35 वयाची माणसं. व्यावसायिक खेळाडू त्यात घेतलेच नव्हते. आपली पोर सतरा वर्षांची आहे, तिला त्या अभ्यासात प्रवेशसुद्धा मिळाला नसता. आणि ज्या निम्म्यांना लागलं, त्यांचं काय? वाट बघताना कितीजणांच्या गाद्या गेल्या असतील? नंतर 2022 साली इंग्लंडमधला अभ्यास आला, 316 लोकांचा. ज्यांचा गुडघा दुखापतीनंतर बरेच दिवस सटकत होता, त्यांच्यात ऑपरेशनवाल्यांचा निकाल उजवा ठरला."

"त्यातही व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ऑपरेशन करून घेतलं नाही."

"नाही घेतलं. मान्य."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता. माझ्या लेकीचा पाय समोर होता आणि हे दोघं स्वीडन आणि इंग्लंड करत होते. पण ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. दोघं एकच आकडा बघत होते आणि त्यातल्या वेगवेगळ्या माणसांकडे बोट दाखवत होते. आत्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्याकडे येणारे शिक्षक, एसटीचे कंडक्टर, द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका होत्या. त्यांना चालायचं असतं, जिना चढायचा असतो, ओझं उचलायचं असतं. मामाच्या डोळ्यांपुढे पकडीसाठी झेपावणारी एकच पोरगी होती.

लेकीने मध्येच विचारलं, "मामा, तुटलेलं शिवून नाही का टाकता येत?"

त्यावर मामाचा चेहरा खुलला. हा त्याचा आवडता विषय. "शिवायलाच सुरुवात झाली होती, बाळा. 1895 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स गावात मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंट शिवली. पुढे ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी 1917 मध्ये मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी घेऊन नवी दोरी ओवली. तरीही शिवणं चालू राहिलं. 1976 मध्ये अमेरिकन सैनिकी अकादमीतल्या मुलांचे पाच वर्षांनंतरचे निकाल आले, तेव्हा कळलं की शिवलेली बरीच लिगामेंट टिकलेली नाहीत. कारण सांध्यातलं वंगण. इतर जखमेत रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने तुटलेली टोकं जुळतात. गुडघ्यात ती गुठळी टिकतच नाही, विरून जाते. म्हणून शिवणं मागे पडलं आणि शरीरातलीच दुसरी कंडरा काढून नवं लिगामेंट बसवणं आलं."

"मधल्या काळात कृत्रिम धाग्यांची लिगामेंटंही बसवलीत की," आत्या म्हणाल्या. "ऐंशीच्या दशकात. कार्बनचे धागे, गोर-टेक्स, डॅक्रॉन. किती गुडघे सुजले, किती धागे आत झिजून तुटले. मग दुहेरी दोरीची लाट आली. प्रत्येक वेळी तेच शेवटचं उत्तर म्हणून सांगितलं गेलं. म्हणून मी विचारते, आजचं नवं काय आहे, आणि ते दहा वर्षांनी कुठे असेल?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, आणि मामाने तो टाळला नाही.

"नव्यातलं काही नक्की टिकेल, काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "शिवणं पुन्हा आलं आहे. बॉस्टनमध्ये मार्था मरे यांनी गाईच्या कोलॅजनचा स्पंजसारखा ठोकळा तयार केला. पेशंटचंच रक्त त्यात भरून तो तुटलेल्या टोकांमध्ये ठेवायचा, म्हणजे गुठळी टिकते. अमेरिकेत त्याला 2020 च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. कल्पना सुंदर आहे, पण हिच्यासाठी मी ती निवडणार नाही. वीस-तीस वर्षांचे निकाल हातात नाहीत. हिच्यासाठी मला जे हवं आहे ते वेगळंच."

त्याने तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अंगठा टेकवला. "इथे. आत नवी दोरी, आणि बाहेरून मांडीच्याच पट्टीचा एक तुकडा वळवून बसवायचा. वळताना होणारा ताण तो वाटून घेतो. ही जुनी युक्ती आहे, मधल्या काळात टाकून दिलेली. 2013 मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या एका लिगामेंटची नीट मांडणी केली आणि सगळ्यांचं लक्ष पुन्हा तिकडे गेलं. मग 618 तरुणांवर अभ्यास झाला, सगळे पंचविशीच्या आतले, वळणाचे खेळ खेळणारे. ताई, आपली पोर या अभ्यासात बरोबर बसते. नुसती आतली दोरी बसवलेल्यांत दोन वर्षांत 11 टक्के पुन्हा तुटल्या. बाहेरचा पट्टा जोडलेल्यांत 4 टक्के."

आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन टॉवेल टाचेच्या जरा वर सरकवला. मग म्हणाल्या, "दोरी कुठून काढणार?"

इथे मात्र दोघं खरे भिडले. मांडीच्या मागच्या कंडरा काढायच्या, तर कोपऱ्यावरच्या खेळाडूची ताकद तिथेच असते. बसून झेप घेताना आणि पाय ओढून धरताना तीच लागते. वाटीखालची कंडरा दणकट, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे, हाडात लवकर रुजणारी. पण नंतर गुडघे टेकताना अनेकांना दुखतं, आणि कबड्डीत गुडघे टेकल्याशिवाय दिवस जात नाही. वाटीवरच्या कंडरेकडे हल्ली जगभरात ओढा वाढला आहे. पण आत्या म्हणाल्या की मांडीचा पुढचा स्नायू आधीच वाळायला लागलाय, त्यालाच पुन्हा कापायचं? आपल्याकडे बरेच सर्जन घोट्याच्या बाहेरून जाणारी पेरोनियस कंडरा घेऊ लागले आहेत. मामाने ते नाव काढताच आत्या उसळल्या. "कबड्डीच्या पोरीचा घोटा? चढाईला गेली की समोरच्या पोरी तिचा घोटाच धरायला टपलेल्या असतात!"

मामाने मग कंडरेचं पुढे काय होतं ते सांगितलं. काढलेली कंडरा पाटावर ताणून, दुमडून, चौपदरी करून दोऱ्याने शिवतात. मग मापाच्या भोकांतून ओढून जाडी बघतात. आठ मिलिमीटरपेक्षा बारीक भरली तर सर्जनच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण कमी वयात बारीक दोरी लवकर तुटते. गुडघ्यात बसवेपर्यंत ती व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतात. ही अलीकडची साधीशी सवय, पण तिच्यामुळे सांध्यातला जंतुसंसर्ग पुष्कळ कमी झाला. मोठमोठ्या नावांच्या शोधांपेक्षा अशा गॉजच्या तुकड्याबद्दल मला जास्त आदर वाटला.

"बरं, बसवली दोरी," आत्या म्हणाल्या. "त्यानंतर? मी शिकत होते तेव्हा ऑपरेशननंतर प्लास्टर घालून येणारे पेशंट आम्ही बघितलेत. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं की पाय काठीसारखा. अमेरिकेत शेलबर्न नावाचे सर्जन होते, त्यांच्या लक्षात आलं की जे पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत, लवकर गुडघा हलवतात, लवकर चालतात, तेच जास्त चांगले होताहेत. 1990 मध्ये त्यांनी ते मांडलं आणि हळूहळू सगळ्यांची पद्धत बदलली. मग पहिल्या दिवशीच गुडघा सरळ करायला लावू लागलो आम्ही. पण आता लोक दुसऱ्या टोकाला गेलेत. दीड महिन्यात पोरं नीट चालायला लागतात आणि माझ्याकडे यायची बंद होतात. चालता येतं म्हणजे बरं झालं, असं घरचेही समजतात. नेमकी त्याच वेळी आतली दोरी सगळ्यात कच्ची असते. तिथलं जुनं मरून नवं रुजत असतं. बाहेरून काही कळत नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"नऊ महिने. नऊच्या आत मैदान नाही," आत्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मामाने मान डोलावली. "नॉर्वेत 106 खेळाडूंवर बघितलंय. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरत गेलं. आणि नुसतं कॅलेंडर पुरत नाही. मांडीची ताकद, एका पायावरची उडी, दोन्ही पाय जोडीला आल्याशिवाय नाही."

"विनेश फोगाट तर वर्षाच्या आत ऑलिंपिकला गेली," लेक म्हणाली. तिच्या मोबाईलमध्ये ते सगळं होतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसची मॅट.

"गेली. आणि रिषभ पंतला मैदानात यायला जवळजवळ पंधरा महिने लागले," मामा म्हणाला. "त्याचंही ऑपरेशन मुंबईतच झालं होतं. दोघांचं गुडघ्याचंच नाव, दुखापत वेगळी. पण त्या दोघांचं दिवसभराचं काम एकच होतं, बरं होणं. तुला बारावी आहे."

ऑपरेशनसाठी आम्ही बँकेतली ठेव मोडायला तयार होतो, मी मनात आकडाही धरला होता. नंतरच्या नऊ महिन्यांचा हिशेब मात्र माझ्या डोक्यात कुठेच नव्हता. आठवड्यातून चार दिवस तिला कोण नेणार, क्लासची वेळ कशी बदलणार, जिमचे पैसे, रिक्षाचे पैसे. मला आता पक्कं वाटतं की हा हिशेब आधी मांडावा आणि तो जमत असेल तरच ऑपरेशनच्या टेबलाकडे बघावं. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, खरं काम त्यानंतरच्या नऊ महिन्यांचं. गावागावांतून येणाऱ्या मुलींना हे कुणी सांगतच नाही. त्यांचं ऑपरेशन वर्गणी काढून होतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत एसटीचं भाडं नसल्यामुळे त्याच मुलीची मांडी वाळून जाते.

संध्याकाळी चहा झाल्यावर आत्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही दुपारी वाट बघताना फाटलेल्या गाद्यांचं बोललात. माझ्याकडे एक मुलगी होती, खो-खोची. तिला मी थांबवलं होतं. व्यायाम छान करत होती, ताकद आली होती, गुडघा सटकत नव्हता. मी म्हटलं, खेळून बघ. पाचव्या महिन्यात खांबाला वळसा घालताना गुडघा गेला आणि गादी अशी फाटली की शिवता आली नाही. काढावी लागली. वीस वर्षांची होती." त्या कपाकडे बघत राहिल्या. "मी आजही म्हणते, निम्म्या लोकांना ऑपरेशन लागत नाही. पण ती निम्म्यात नव्हती, आणि ते मला आधी कळलं नाही. हिच्या बाबतीत मी तुम्हाला करू नका म्हणणार नाही. पण तीन आठवड्यांत नाही. गुडघा पूर्ण सरळ होईल, मांडीला ताकद येईल, तेव्हाच. अडकलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलंत तर तो आयुष्यभर चार-पाच अंश वाकडाच राहील आणि ते मी काढू शकणार नाही."

"आणि तोवर मॅटवर पाऊल नाही," मामा म्हणाला. "पळायचं नाही, वळायचं नाही."

"नाही. ती जबाबदारी माझी."

घोट्याच्या कंडरेवरून त्यांचं त्या दिवशी जमलं नाही, पुढे फोनवरही जमलं नाही. शेवटी मामानेच वाटीवरची कंडरा घ्यायचं ठरवलं, बाहेरच्या पट्ट्यासकट. आत्यांना ते आजही पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीचंही तसंच आहे. मामा म्हणतो बघू, आत्या म्हणतात ते वर्ष सोडून द्या.

सहा आठवड्यांनी मामा पुन्हा आला. लेक फरशीवर पाय पसरून बसली. त्याने गुडघ्याखाली तळहात सरकवून पाहिला. पहिल्या दिवशी अख्खी मूठ गेली होती, आज बोटंसुद्धा जाईनात. तिने मांडी आवळली तर टाच फरशीवरून वर उचलली गेली. मामाने डायरी काढून तारीख लिहिली.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "त्याआधी एक काम राहिलंय." त्यांनी शिवणाची टेप आणि खडू आणायला सांगितलं. ऑपरेशननंतर दोन्ही पाय आराम करतात, चांगलाही थोडा वाळतो. मग वाळलेल्या पायाशी तुलना करून दुखरा पाय बरा झाला म्हणायचं, ही त्यांना न पटणारी गोष्ट. म्हणून चांगल्या पायाचं माप आजच हवं. खडूने अंगणात रेघ मारली. लेक चांगल्या पायावर उभी राहिली, हात कमरेवर, लंगडीची एकच लांब उडी, त्याच पायावर उतरायचं आणि डगमगायचं नाही. तीन उड्या झाल्या. सगळ्यात लांब उडी 1 मीटर 42 सेंटिमीटर भरली.

आत्यांनी दाराच्या चौकटीवर, लहानपणी जिथे तिची उंची लिहायचो तिथेच, पेन्सिलने लिहिलं: डावा, 142. त्याच्याखाली एक रेघ मारली आणि लिहिलं: उजवा. त्यापुढची जागा मोकळी ठेवली.